उंच गाडी, फरशी पूल आणि पॉलिसीतली एक ओळ

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. त्या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले, मोठ्या एसयूव्हींवरचा ५० टक्क्यांपर्यंत जाणारा कर ४० टक्क्यांवर आला आणि फॉर्च्युनर साडेतीन लाखांपर्यंत स्वस्त झाली. त्याच सुमारास धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा-भूम भागात नद्या पात्र सोडून गावांत शिरल्या, अडकलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. ज्यांची पिकं, जनावरं आणि शेतातली मातीसुद्धा वाहून गेली, त्यांच्या दुःखापुढे गाडीचा विषय लहान आहे, हे मान्य करूनच लिहितो. पण दसऱ्याला हार घातलेल्या एमएच-२५ गाड्या याच रस्त्यांवरून धावतात आणि त्यांच्या विम्याबद्दल विचारलं की एकच उत्तर येतं: ‘फुल इन्शुरन्स आहे.’

असा शब्द पॉलिसीत कुठेच नसतो. हप्त्याचे दोन भाग असतात. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, हप्ता सरकार ठरवतं. १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीला तो जून २०२२ मध्ये वर्षाला ७,८९७ रुपये ठरला. गाडी डिझेल स्कॉर्पिओ-एन असो की कोटीच्या वरची रेंज रोव्हर, आकडा तोच. हप्ता फुगतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे ‘ओन डॅमेज’च्या भागात. तो ठरतो आयडीव्हीवर, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर कंपनी जास्तीत जास्त किती देणार त्यावर.

इथे नव्या जीएसटीची एक बाजू शोरूममध्ये कुणी सांगत नाही. नूतनीकरणाच्या वेळी आयडीव्ही धरतात ती त्या दिवशीच्या यादीतल्या किमतीवरून, तुम्ही मोजलेल्या पैशांवरून नाही. ऑगस्टमध्ये जुन्या दराने गाडी घेतलेल्याची आयडीव्ही पुढच्या वर्षी नव्या, उतरलेल्या किमतीवरून निघेल आणि त्यातून पुन्हा घसारा जाईल. दुसऱ्या वर्षात २० टक्के, पाचव्या वर्षात ५० टक्के. कर्ज मात्र जुन्या किमतीवर चालू राहील. ‘रिटर्न टू इनव्हॉइस’ हे जोड-संरक्षण अशा माणसाने घ्यावंच, असं माझं मत आहे. नव्या दरांत आरोग्य आणि आयुर्विम्याच्या वैयक्तिक पॉलिसींवरचा जीएसटी शून्य झाला. वाहन विम्यावर तो अजून १८ टक्के आहे.

आता पाण्याकडे येतो, कारण आपल्या जिल्ह्यापुरता खरा प्रश्न तोच आहे.

ओन डॅमेज असलेल्या पॉलिसीत पूर येतो, यात शंका नाही. दारात उभ्या गाडीत पाणी शिरलं, सीट, कार्पेट, वायरिंग गेलं, तर दावा बसतो. पण आपल्याकडे गाडी अडकते ती ओढ्यावरच्या फरशी पुलावर. पाणी पुलावरून वाहत असतं, मागे दोन जीप थांबलेल्या असतात आणि गाडी उंच आहे म्हणून चालक ती पाण्यात घालतो. मधोमध इंजिन बंद पडतं. घाबरून तो पुन्हा स्टार्टर मारतो. सगळं बिघडतं ते या क्षणी. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात तर दाब मुळातच जास्त.

विमा कंपनीच्या लेखी हे पुराचं नुकसान नाही. पाण्यातली गाडी चालू करण्याच्या प्रयत्नातून पुढे उद्भवलेलं नुकसान म्हणून ते साध्या पॉलिसीतून वगळलं जातं. सर्व्हेयर इंजिन उघडून बघतो आणि वाकलेला रॉड पुरावा ठरतो. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं. ते घेतलं तरी अटी वाचाव्यात, कारण त्या कंपनीगणिक बदलतात. हप्ता कमी करून द्या म्हटलं की एजंट पहिल्यांदा हीच ओळ काढतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. ज्या जिल्ह्यात गावागणिक ओढा आहे, तिथे ही ओळ शेवटपर्यंत राहायला हवी.

झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जोड-संरक्षण, नसेल तर प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅगचे निम्मे पैसे आपले. महागड्या गाडीचा बंपर आणि हेडलाइट प्लास्टिकचेच असतात.

निवडणुका आल्या की लक्षात ठेवायची आणखी एक गोष्ट. पांढऱ्या पाटीची गाडी प्रचाराला किंवा वरातीला पैसे घेऊन दिली, तर तो वापराच्या अटीचा भंग ठरतो. अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दावा सरसकट नाकारता येत नाही असं ठरवलं, पण अशा वेळी तडजोडीने हाती येतात ते दाव्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच. मित्राला फुकट दिलेली गाडी यात येत नाही. कंपनी ऐकत नसेल तर आपल्यासाठी विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यात आहे. ५० लाखांपर्यंतची भरपाई ते मंजूर करू शकतात आणि वकील लागत नाही.

पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायची नाही. माणसं आधी बाहेर काढायची. पाणी उतरल्यावर दारावर राहिलेल्या रेघेचे फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं आणि गाडी फ्लॅटबेडवर चढवून न्यायची. महागड्या जर्मन गाडीला त्यासाठी पुण्यासारखं शहरही गाठावं लागू शकतं, धाराशिवहून जवळपास अडीचशे किलोमीटर. रोडसाइड असिस्टन्स वेगळं घेतलेलं नसेल, तर साध्या पॉलिसीत गाडी ओढून नेण्यासाठी मिळतात १,५०० रुपये.