सिंहावरचे स्वामी आणि कानांची गोधडी

कुंभकोणमहून वीसेक किलोमीटरवर तिरुप्पनंदाळ लागतं. तिथल्या मठाला म्हणतात काशी मठ. आता कावेरीकाठी काशी कशी आली? तर सिंहावर बसून! 17व्या शतकात कुमरगुरुपरर स्वामी काशीला गेले. मठासाठी जागा हवी होती, पण मुघल दरबारात बोलायचं कसं? हिंदुस्थानीचा गंध नाही. तमिळ परंपरा सांगते की त्यांनी सरस्वतीवर दहा कवनं रचली, रातोरात भाषा अवगत झाली आणि स्वामी सिंहावर स्वार होऊन दरबारात हजर झाले. सिंहाचं ज्यानं त्यानं ठरवावं; काशीतला केदार घाटाजवळचा मठ मात्र पक्का खरा. त्याच परंपरेतल्यांनी पुढे 18व्या शतकात तिरुप्पनंदाळला ठाणं मांडलं. तेव्हा तंजावरच्या गादीवर आपले भोसले होते.

स्वामींनी ‘काशी कलंबकम’ही लिहिलं. कलंबकम म्हणजे नाना जातींची फुलं एका माळेत ओवावीत तशी नाना वृत्तांची रचना. ज्याच्या नशिबात काशी नव्हती, त्याला ती घरबसल्या घडली, तीही अस्सल तमिळ थाटात.

दूरदेशीची खबर अशीच घरच्या मापानं मोजली जाते. माप चुकलं की गंमत होते.

मार्को पोलोचंच घ्या. 13व्या शतकाच्या अखेरीस तो याच तमिळ किनाऱ्यावर आला. या मुलखाला तो माबार म्हणतो. त्यानं मायदेशी सांगितलं की इथे औषधालाही शिंपी नाही, कारण सगळे उघडेच हिंडतात. अहो, न शिवलेलं एक सबंध वस्त्र नीट नेसलं की झाला पोशाख! कात्री-सुई हवी कशाला? व्यापाऱ्याच्या पोराला हे सुचू नये म्हणजे कमाल. घोड्यांची बातमी मात्र त्यानं झकास दिली. इथले राजे दरवर्षी हजारोंनी घोडे विकत घेत आणि त्यातले बहुतेक वर्षभरात मरत, कारण त्यांना भात आणि शिजवलेलं मांस चारत. वर परदेशी व्यापारी घोड्यांच्या वैद्याला इकडे फिरकूच देत नसत. घोडे जगले तर पुढच्या वर्षी खपणार काय?

त्याच्याही दीड हजार वर्षं आधी मेगॅस्थेनिस या ग्रीक वकिलानं हिंदुस्थानातल्या लोकांचे कान पायांपर्यंत पोचवले होते. एक कान अंथरायचा, दुसरा पांघरायचा! त्याला थापाड्या म्हणण्याआधी महाभारत चाळा. ‘कर्णप्रावरण’ म्हणजे कान पांघरणारे लोक तिथेही भेटतात. थोडक्यात, गोधडी आपलीच; ग्रीसला निर्यात झाली एवढंच.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट मात्र तिरुप्पनंदाळहून समुद्राच्या बाजूला, तरंगंबाडीला घडली. डेन्मार्कच्या राजानं पाठवलेला जर्मन पाद्री त्सीगेनबाल्ग तिथे 1706 मध्ये उतरला. तमिळ शिकला, तिला तो ‘मलबारी’ म्हणे, तो घोळ त्या काळी सर्रास चाले. इथल्या देवदेवतांवर त्यानं 1713 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहून जर्मनीत हाल्ले गावी धाडला. तिथल्या वरिष्ठांना धक्काच बसला. तुला मूर्तिपूजा मोडायला पाठवलं, तिच्या कथा युरोपात पसरवायला नव्हे, असा त्यांचा सूर. बाड पडून राहिलं. छापलं गेलं 1867 मध्ये! दूरच्या लोकांबद्दल आदरानं लिहिलं की ते थापांपेक्षा महाग पडतं.

आणि आता आपल्या मराठीचा डाव. त्याच तरंगंबाडीच्या मिशनमधल्या श्वार्ट्‌झ पाद्र्याच्या देखरेखीखाली वाढलेले सरफोजी राजे (दुसरे) तंजावरला बसून जगाचा भूगोल मराठीत गाऊ लागले. त्यांचं ‘देवेंद्र कुरवंजी’ म्हणजे तमिळ कुरवंजी नाट्य, ज्यात हात बघून भविष्य सांगणारी डोंगरातली बाई येते. एरवी ती नायिकेला प्रियकर कधी भेटेल ते सांगते. इथे खंडं, देश आणि समुद्र सांगते. भूगोलाचा तास इतक्या ठसक्यात दुसऱ्या कुणी घेतला असेल तर दाखवा.

1820 मध्ये राजे स्वतःच काशीला निघाले, सोबत सुमारे 3000 माणसांचा लवाजमा. त्या प्रवासावर ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ रचल्या गेल्या. होय, लावण्याच! काशी, प्रयाग आणि गया या तीर्थांच्या. ढोलकीवर ठेका धरून बसलेल्यांनी सावरून बसावं.

मार्को पोलोनं आणखी एक नवल टिपलंय. इथले लोक पाणी पिताना भांडं ओठांना लावत नाहीत, वरून धार सोडतात. कुंभकोणमला कॉफीच्या दुकानात उभे राहा. आधी पाण्याचा पेला उचलला जातो, मान मागे जाते, धार थेट घशात. गळपट्टीवर थेंब नाही. गळपट्टी, अर्थात, शिंप्यानं शिवलेली.