बाळ घरी आले, पण पॉलिसीत कधी येणार?
नवजात बाळाचे नाव आरोग्य विम्यात कसे घालायचे आणि पहिल्या ९० दिवसांत विमा नसेल तर काय करायचे

घरात बाळ जन्मले की पेढे वाटले जातात, बारशाची तारीख ठरते. आरोग्य विम्यात बाळाचे नाव घालायचे मात्र राहून जाते. 'फॅमिली' पॉलिसी आहे म्हणजे बाळ आपोआप त्यात आले, असा अनेकांचा समज असतो. तसे होत नाही. पॉलिसीच्या कागदावर ज्यांची नावे छापली आहेत, त्यांनाच ती लागू असते. बाळाचे नाव सांगून, कागद देऊन आणि बहुतेक वेळा वाढीव हप्ता भरून घालून घ्यावे लागते.

समजा, जालन्यातील बियाणे कंपनीत नोकरी करणाऱ्या तरुणाने लग्नानंतर नवरा-बायकोसाठी पाच लाखांची फ्लोटर पॉलिसी घेतली. वर्षभरातच बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी भोकरदनला गेली. बाळ साडेसात महिन्यांतच जन्मले, वजन दीड किलो, श्वास नीट घेता येईना. छत्रपती संभाजीनगरच्या खासगी रुग्णालयात काचेच्या पेटीत ठेवावे लागले. हातात पाच लाखांची पॉलिसी आहे, हप्ता वेळेवर भरला आहे, तरी बाळाच्या बिलापोटी काहीच मिळणार नाही, असे होऊ शकते. कारण त्या पॉलिसीत बाळंतपणाचा खर्च, म्हणजे मॅटर्निटी कव्हर, एकतर घेतलेलेच नसेल किंवा त्याचा प्रतीक्षा कालावधी अजून संपलेला नसेल.

९० दिवसांची भानगड

विमा नियामकाच्या व्याख्येनुसार पॉलिसीच्या मुदतीत जन्मलेले आणि ९० दिवसांपर्यंत वयाचे बाळ म्हणजे 'नवजात'. अनेक पॉलिसींत मुलाला ९१व्या दिवसापासूनच प्रवेश असतो. त्याआधीचे ९० दिवस बाळाला संरक्षण मिळते ते बहुधा आईच्या मॅटर्निटी कव्हरमधून. ते कव्हर असेल आणि त्याचा प्रतीक्षा कालावधी पूर्ण झाला असेल, तर अनेक कंपन्या पहिल्या दिवसापासून बाळाचा खर्च देतात. हा कालावधी पॉलिसीगणिक वेगळा असतो. कुठे नऊ महिने, कुठे दोन-तीन वर्षे. म्हणून लग्न ठरल्यावरच हे कव्हर पाहून ठेवावे. दिवस राहिल्यावर घेतलेली पॉलिसी सहसा त्या बाळंतपणाला उपयोगी पडत नाही.

दुर्दैवाने बाळाला सर्वाधिक धोका असतो तोही याच काळात. वर्षाच्या आत दगावणाऱ्या अर्भकांपैकी बहुतांश पहिल्या २८ दिवसांतच दगावतात. ज्या दिवसांत संरक्षण सर्वांत जास्त हवे, त्याच दिवसांत पॉलिसी पाठ फिरवते. एजंट पॉलिसी विकताना हे क्वचितच सांगतो, म्हणून ग्राहकानेच विचारायला हवे.

आणखी एक मेख मर्यादेची. काही पॉलिसींत पहिल्या ९० दिवसांतला बाळाचा खर्च मॅटर्निटीच्या रकमेतूनच द्यायचा असतो. ती मर्यादा ५० हजार असेल आणि सिझेरियनमध्येच ४५ हजार गेले, तर बाळासाठी उरतात पाच हजार. बाळाला पूर्ण विमा रक्कम लागू आहे की फक्त मॅटर्निटीची, हा एक प्रश्न कंपनीला ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्यावे.

नाव घालायचे कसे?

बाळ जन्मल्यावर कंपनीला ॲप, ईमेल किंवा एजंटमार्फत कळवायचे. सोबत जन्मदाखला, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि कंपनीचा अर्ज. पॉलिसीच्या उरलेल्या महिन्यांपुरता वाढीव हप्ता भरला की बाळाच्या नावाची नोंद असलेली पुरवणी मिळते. तिला 'एन्डोर्समेंट' म्हणतात. ही पुरवणी हातात येईपर्यंत काम झाले असे समजू नये. काही कंपन्या मध्येच नाव घेत नाहीत, नूतनीकरणाच्या वेळीच घेतात.

नोकरीच्या ठिकाणची गट पॉलिसी असेल तर गोष्ट बरीच सोपी. अशा पॉलिसींत बाळ बहुधा पहिल्या दिवसापासून धरले जाते. पण जन्माची माहिती ठराविक दिवसांत, साधारण ३० दिवसांच्या आत, एचआर विभागाला द्यावी लागते. स्टील कारखान्यांतील २१ हजारांपर्यंत पगार असलेले कामगार 'ईएसआय'मध्ये येतात. त्यांनीही बाळाचे नाव कुटुंबाच्या नोंदीत घालून घ्यावे.

आपल्याकडे गाडी अडते ती जन्मदाखल्यावर. सुवेर संपेपर्यंत कोणी बाहेरची कामे काढत नाही, मग बारसे, मग सव्वा महिना. तोवर मुदत निघून जाते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. त्यानंतर विलंब शुल्क आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नोंद होते ती बाळ जिथे जन्मले तिथे. सासर अंबडला आणि बाळ भोकरदनच्या दवाखान्यात जन्मले, तर अंबडला खेटे घालून उपयोग नाही. नाव ठरले नाही म्हणून थांबायचेही कारण नाही. नावाशिवाय नोंद होते आणि १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. दाखल्यावरचे आईचे नाव मात्र पॉलिसीतल्या नावाशी जुळते ना, ते पाहावे. रुग्णालयात माहेरचे आडनाव लिहिले गेले की पुढे दाव्याच्या वेळी तेच नडते.

विमा लागू नसेल तर

खासगी विमा नसला किंवा चालत नसला, तरी सगळी दारे बंद होत नाहीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांत आजारी अर्भकाचे उपचार, औषधे, तपासण्या, रक्त आणि रुग्णालयात नेण्या-आणण्याची वाहनसोय मोफत आहे. २०११ मध्ये ही योजना ३० दिवसांपर्यंतच्या बाळांसाठी सुरू झाली, पुढे ती एक वर्षापर्यंत वाढली. इथे उत्पन्नाची अट नाही. जालन्यात गांधी चमन येथील जिल्हा स्त्री रुग्णालय आणि त्यापुढे छत्रपती संभाजीनगरची 'घाटी' हा त्यासाठीचा नेहमीचा मार्ग.

खासगी रुग्णालयात दाखल करावेच लागले, तर ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, हे आधी विचारावे. आयुष्मान भारतसोबत चालणाऱ्या या योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे आणि त्यात नवजात बालकांवरील उपचारही येतात. रेशन कार्डवर बाळाचे नाव नसले म्हणून परत फिरू नये. कार्ड आणि जन्मदाखला घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. मदत क्रमांक १५५३८८.

बाळात जन्मजात दोष असेल तर पॉलिसीची भाषा नीट वाचावी. हृदयाला छिद्र असणे हा 'अंतर्गत' दोष, दुभंगलेला ओठ 'बाह्य'. बाह्य दोषावरचा खर्च अनेक पॉलिसी नाकारतात. अशा मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून तपासणी आणि शस्त्रक्रियेची सोय आहे.

हप्ता किती वाढतो?

फ्लोटरचा हप्ता मुख्यतः घरातल्या सर्वांत मोठ्या सदस्याच्या वयावर ठरतो, त्यामुळे बाळामुळे तो फार वाढत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही हटला आहे. मात्र विमा रक्कम तीच राहते आणि खाणारी तोंडे वाढतात. दोघांचे पाच लाख आता तिघांचे होतात, तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी रक्कम वाढवण्याचा विचार करायला हरकत नाही.

दावा नाकारला तर कारण लेखी मागावे आणि आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करावा. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर नियामकाचे 'बीमा भरोसा' पोर्टल आहे (फोन १५५२५५) आणि विमा लोकपालही. जालना जिल्हा पुण्याच्या विमा लोकपालाच्या कक्षेत येतो. कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून एक वर्षाच्या आत तिथे अर्ज करता येतो. शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.