कोकणच्या ताटात कोण कोण आलं?

आमच्या वर्गात मध्यंतरी मालवणकडची एक मुलगी आली. वडिलांची बदली झालेली. डब्याबरोबर तिने बाटलीत सोलकढी आणली, तर पोरं म्हणाली, "ए, हे गुलाबी दूध काय पितेस?" दुसऱ्या दिवशी तिने बाटली आणलीच नाही. म्हणून आज कोकणी जेवणाबद्दल बोलूया.

आधी तिथली जमीन बघा. आपल्या सोलापुरात काळी माती आणि पाऊस कमी, म्हणून ज्वारीची भाकरी. कोकणात धो-धो पाऊस आणि समोर समुद्र, म्हणून भात, मासे, नारळ. आंबटपणासाठी आपण चिंच घालतो, ते आमसूल घालतात. आमसूल म्हणजे कोकमाची वाळवलेली साल. कोकम सह्याद्रीतलंच झाड. त्याचा रस आणि नारळाचं दूध एकत्र केलं की झाली सोलकढी. गुलाबी रंग कोकमाचा, वरून रंग घातलेला नसतो!

आता समुद्राकडे वळू. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोहोचला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या जहाजांतून अमेरिका खंडातली मिरची, काजू, अननस, पपई आपल्याकडे आली. त्याआधी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरी होती. त्या मिरीवरूनच नव्या पाहुणीला 'मिरची' नाव पडलं. बटाटा, काजू, अननस, पाव हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. गोव्यात पाववाल्याला अजून 'पोदेर' म्हणतात. पाव फुगायला यीस्ट मिळेना, तेव्हा पिठात माडाची ताडी घालायचे. म्हणजे पद्धत त्यांची, माड आपला.

आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. रायगडकडचे बेने इस्राएल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्या धर्मात मांसाबरोबर दूध चालत नाही. मग काय करायचं? कोकणात नारळ होताच! मटणाच्या रश्शात नारळाचं दूध आलं. खवले नसलेले मासे ते खात नाहीत, त्यामुळे कोळंबी बाद.

हे ऐकून एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, पण आपली शेंगा चटणी तरी आपलीच ना?" चटणी आपलीच रे, पण शेंगदाणा आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आलेली. आणि ज्वारी? ती तर हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली. वर्ग एकदम गप्प! मालवणची मुलगी मात्र हसत होती.

गृहपाठ: घरातल्या एका पदार्थातला एकेक जिन्नस मूळचा कुठला ते शोधा. उपवासाच्या खिचडीपासून सुरुवात करा. तुमचं काम सोपं व्हावं म्हणून सांगते, साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणे, मिरची, चारही समुद्रापलीकडचे. जिरं आणि तूप तुम्ही शोधा.