आयफोन १५ प्रो मॅक्स की गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा? आधी वर्षं मोजा

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो आमच्याकडे चालत आला. मागच्या वेळी आपण ऑनलाइन व्यवहारांच्या सुरक्षिततेवर बोललो. ते व्याख्यान संपल्यावर साताऱ्याच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई मागे थांबल्या. हातात सहा वर्षांपूर्वीचा अँड्रॉइड फोन. त्यांच्या बँकेचं ॲप त्या फोनवर चालेनासं झालं होतं. फोन जुना आहे, प्रणाली अद्ययावत करा, असा निरोप यायचा आणि अद्ययावत करायला पुढे काही शिल्लकच नव्हतं.

बाई म्हणाल्या, "मुलगा पुण्यात असतो, तो म्हणतो आयफोन १५ प्रो मॅक्स घे. मुलगी साताऱ्यातच दोन गल्ल्या सोडून राहते, ती म्हणते सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा घे. पैसे दोघं मिळून देणार आहेत. मला एवढंच सांगा, सात-आठ वर्षं पुरेल असा कुठला? हा माझा शेवटचा महागडा फोन. आणि ह्यांचे आवाज या जुन्या फोनमध्ये आहेत, व्हॉट्सॲपवरचे. ते जाता कामा नयेत."

त्या दिवशी आम्ही घाईने उत्तर दिलं नाही. आज आपण सगळे मिळून ते शोधू. बाईंचा प्रश्न आपल्यापैकी अनेकांचा आहे, फक्त आपण तो इतक्या नीट शब्दांत विचारत नाही.

सुरुवात पैशापासून करू. आयफोन १५ प्रो मॅक्स सप्टेंबर २०२३ मध्ये आला. २५६ जीबीच्या फोनची भारतातली किंमत तेव्हा १,५९,९०० रुपये होती. एस२४ अल्ट्रा जानेवारी २०२४ मध्ये आला, तेवढ्याच साठवणीचा, १,२९,९९९ रुपयांना. फरक झाला साधारण तीस हजारांचा. आता हाच फरक वर्षांवर वाटून बघा. आयफोन दोन वर्षांत बदलला तर वर्षाला जवळजवळ ८०,००० रुपये पडतात. तोच सात वर्षं वापरला तर वर्षाला २२,८०० च्या आसपास. सॅमसंगचं गणित दोन वर्षांना ६५,००० आणि सात वर्षांना साडेअठरा हजार. म्हणजे सात वर्षं वापरायचा ठरवलात, तर दोन फोनांमधला फरक वर्षाला सव्वाचार हजारांवर येतो. पण दोन वर्षांत बदलायचा की सात, यातला फरक वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास जातो. कुठला घेतला यापेक्षा किती वर्षं वापरला, हे खिशाला जास्त जाणवतं. दर दोन वर्षांनी फोन विकणाऱ्यांचं गणित थोडं निराळं, कारण जुन्या बाजारात आयफोनला सहसा भाव चांगला येतो. बाई काही फोन विकणार नाहीत, त्यामुळे त्यांना तो हिशेब लागू नाही.

मग प्रश्न येतो, फोन सात वर्षं टिकेल का? काच आणि धातू टिकतात. दोन्ही फोनांची चौकट टायटॅनियमची आहे. फोन म्हातारा होतो तो दोन ठिकाणी, सॉफ्टवेअरमध्ये आणि बॅटरीत.

सॉफ्टवेअरचं असं बघा. प्रत्येक प्रणालीत कुठे ना कुठे भोक सापडतंच. कंपनी ते बुजवते आणि बुजवल्याचं जाहीर करते. ज्यांच्या फोनला ती दुरुस्ती मिळाली ते सुटले. ज्यांच्या फोनला आता दुरुस्त्या येतच नाहीत, त्यांच्या घराचं कुठलं दार उघडं आहे हे चोरालाही त्याच जाहिरातीतून कळतं. म्हणून बँका जुन्या प्रणालींवर आपलं ॲप बंद करतात. बाईंच्या फोनचं नेमकं हेच झालं. फोनला काही झालेलं नव्हतं, त्याची काळजी घेणारं कोणी उरलं नव्हतं.

या बाबतीत दोन कंपन्यांच्या रीती वेगळ्या आहेत. सॅमसंगने एस२४ मालिकेला सात वर्षं प्रणालीच्या नव्या आवृत्त्या आणि सात वर्षं सुरक्षा दुरुस्त्या देण्याचं जाहीर केलंय. म्हणजे २०३१ पर्यंत. अ‍ॅपल आयफोन बाजारात आणताना असा आकडा सहसा सांगत नाही, पण त्यांचा मागचा हिशेब आपल्यासमोर आहे. २०१५ च्या आयफोन ६एस ला २०२१ ची आयओएस १५ मिळाली. २०१८ च्या एक्सएस ला २०२३ ची आयओएस १७ मिळाली. सॅमसंगचा मागचा हिशेब इतका चांगला नव्हता. २०१७ च्या गॅलेक्सी एस८ ला अँड्रॉइडच्या दोनच मोठ्या आवृत्त्या मिळाल्या होत्या. थोडक्यात, एकाकडे शब्द दिलेला आहे पण तो अजून पूर्ण व्हायचाय. दुसऱ्याने फोन आणताना शब्द दिला नव्हता, पण वर्षानुवर्षं वागून दाखवलंय. आमच्या मते सात वर्षांच्या हिशेबात दोघं जवळजवळ बरोबरीत आहेत.

बॅटरीचं मात्र रसायन आहे, तिथे कोणाचा शब्द चालत नाही. दोन्हींत लिथियम-आयन बॅटरी. शून्य ते शंभर भरण्याइतकी वीज आत गेली की एक फेरा झाला. तो एकाच दिवसात व्हायला हवा असं नाही. आज साठ टक्के भरली, उद्या चाळीस, तरी फेरा एकच. अ‍ॅपलचं म्हणणं आहे की आयफोन १५ च्या बॅटऱ्या आदर्श परिस्थितीत एक हजार फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता राखतात. रोज एक फेरा धरला तर ही पावणेतीन वर्षं झाली. म्हणजे सात वर्षांत एकदा, कदाचित दोनदा बॅटरी बदलावी लागणार. सॅमसंगची बॅटरी ५००० एमएएचची आहे, पण वर्षं गेली की तीही थकणारच. म्हणून फोन घेण्याआधी जवळच्या अधिकृत सेवा केंद्रात दोन गोष्टी विचारा. बॅटरी बदलायला किती पडतात, आणि काम इथे होतं की फोन बाहेरगावी पाठवावा लागतो? हे प्रश्न विकत घेताना आपण विचारत नाही, तिसऱ्या वर्षी विचारतो. आणखी एक, दोन्हींच्या खोक्यात चार्जर नसतो. त्याचे पैसे वेगळे धरा. दोन्हींना टाइप-सी केबल चालते, तेवढी सोय झाली.

आता कॅमेरा. दुकानात सगळ्यात आधी हाच दाखवतात. सॅमसंगचा मुख्य कॅमेरा २०० मेगापिक्सेलचा, आयफोनचा ४८. ऐकणाऱ्याला वाटतं, चौपट चांगला! आपण जरा मोजून बघू. सॅमसंगच्या एका पिक्सेलची बाजू ०.६ मायक्रॉन, आयफोनच्या १.२२ मायक्रॉन. पिक्सेलचं क्षेत्रफळ काढा आणि संख्येने गुणा. दोन्हीकडे उत्तर येतं साधारण ७२ चौरस मिलिमीटर. अंगण तेवढंच आहे. एकाने पावसात दोनशे लहान वाट्या मांडल्या, दुसऱ्याने अठ्ठेचाळीस मोठ्या. पाणी, म्हणजे इथे प्रकाश, दोघांकडे जवळपास सारखाच पडणार. शिवाय सॅमसंग नेहमीच्या फोटोला सोळा-सोळा पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि आयफोन नेहमीच्या वापरात २४ मेगापिक्सेलचा. दूरचं टिपण्यासाठी दोघांकडे पाच पटीची भिंग आहे. सॅमसंगकडे शिवाय तीन पटीची वेगळी आहे, लग्नात मागच्या रांगेतून चेहरे टिपायला ती उपयोगी. व्हिडिओचं पुढे संपादन करणाऱ्यांना आयफोनमधलं प्रोरेस आणि लॉग चित्रीकरण महत्त्वाचं वाटेल. पण नातवाचा वाढदिवस टिपायचा असेल तर दोन्ही फोन गरजेपेक्षा कितीतरी पुढे आहेत.

मग फरक कशात पडतो? हातात धरण्यात पडतो. आयफोन २२१ ग्रॅम, अल्ट्रा २३० ग्रॅमच्या वर आणि रुंदीला ७.९ सेंटिमीटर. साठीच्या पुढच्या हाताने अर्धा तास धरून बघा, मग बोला. अल्ट्राच्या पोटात एस पेन आहे. हाताने लिहायची सवय असलेल्यांना त्यावर देवनागरी लिहिता येतं, हे खरं सुख आहे. दुकानात गेलात की आणखी एक करा. दोन्ही फोनांवर मराठीत एक लांबलचक निरोप टाइप करा, जोडाक्षरांसकट. कळफलक आवडला नाही तर बाकी सगळं फुकट.

पावसाचंही सांगतो. दोन्हींना आयपी६८ दर्जा आहे. आयफोन सहा मीटर, सॅमसंग दीड मीटर खोल गोड्या पाण्यात अर्धा तास, असं कंपन्या सांगतात. पण ही प्रयोगशाळेतली चाचणी आहे. फोन पडला, सांधे सैल झाले की ती कवचकुंडलं जातात. समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा तर त्यात हिशेबच नाही. तेव्हा गणपतीपुळ्याला फोन पिशवीतच ठेवा.

आता बाईंच्या प्रश्नाचा सगळ्यात नाजूक भाग, ह्यांचे आवाज. व्हॉट्सॲपची संभाषणं अँड्रॉइडवरून आयफोनवर नेता येतात. पण त्यासाठी आयफोन कोरा हवा, म्हणजे पहिल्यांदा सुरू करतानाच ते करायचं. अनेकांची चूक अशी होते की दुकानदार उत्साहाने फोन सुरू करून देतो, आणि मग घरी कळतं की सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागणार. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाताना दोन फोन शेजारी ठेवून क्यूआर कोडने संभाषणं थेट हलवता येतात. कुठलाही फोन घ्या, त्याआधी ते आवाज एकेक करून व्हॉट्सॲपच्या बाहेर काढा. संगणकावर उतरवा, एका पेनड्राइव्हवर ठेवा, दुसरी प्रत मुलांपैकी एकाकडे द्या. आयक्लाउडवर फुकट जागा ५ जीबी, गूगलवर १५ जीबी. पण आठवणी एकाच ठिकाणी ठेवायच्या नाहीत, ती जागा कितीही मोठी असली तरी. आणि नवा फोन नीट चालतोय, आवाज ऐकू येतायत, हे बघितल्याशिवाय जुना फोन कोणाला देऊ नका.

तर मग कुठला? आम्ही बाईंना एक प्रश्न विचारला, रात्री नऊ वाजता फोन अडला तर तुम्ही कोणाकडे जाता? त्या म्हणाल्या, लेकीकडे, दोन गल्ल्या सोडून. लेक अँड्रॉइड वापरते, तिला प्रत्येक खाचखळगा माहीत आहे. बाईंची गेली सहा वर्षंही अँड्रॉइडवरच गेलीत. इथे पारडं सॅमसंगकडे झुकतं. लेक आयफोनवाली असती आणि मुलगा अँड्रॉइडवाला, तर आम्ही उलटं सांगितलं असतं, आणि तीस हजार जास्त गेले तरी सांगितलं असतं. मदतीला धावून येणारं माणूस ज्या फोनचं जाणकार, तो फोन घ्यावा.

पण मग आम्ही त्यांना अल्ट्राच्या शेजारी ठेवलेला साधा एस२४ हातात घ्यायला सांगितला. किंमत तेव्हा ७९,९९९, वजन १६७ ग्रॅम, आणि दुरुस्त्यांची हमी तीच, सात वर्षांची. त्यात एस पेन नाही, पाच पटीची भिंग नाही. बाईंनी दोन्ही हातांत एकेक धरला आणि लहान फोन वर उचलून म्हणाल्या, "हा मला पेलतो." पन्नास हजार वाचले. आयफोनच्या घरातही असंच आहे, साधा आयफोन १५ बाजारात आला तो ७९,९०० रुपयांना. दोन मोठ्यांमध्ये निवड करताना दोघांच्याही धाकट्या भावंडांकडे एकदा बघून घ्यावं.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न : भाचा अमेरिकेहून येतोय, त्याच्याकडून आयफोन मागवला तर?

उत्तर : स्वस्त पडू शकतो. पण २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये सिमकार्डाची खाचच नाही, फक्त ई-सिम. आपली कंपनी ई-सिम देते का, आणि गावाकडे ते चालू करून घ्यायला कुठे जावं लागेल, हे आधी विचारा. इथे वॉरंटीचं काय, तेही लेखी विचारून घ्या.

प्रश्न : हप्त्यांवर घ्यावा का?

उत्तर : हप्ता बघू नका, बेरीज बघा. बिनव्याजी म्हटलं तरी प्रक्रिया शुल्क किती, आणि रोख घेतला असता तर सूट किती मिळाली असती, हे दोन आकडे कागदावर मांडा. आणि हप्ते संपायच्या आत फोन बदलावासा वाटणार असेल, तर तो फोन आपल्याला परवडत नाही असंच समजा.

बाईंचा निरोप कालच आला. लेकीने संभाषणं हलवून दिली, पेनड्राइव्हही झाला. जुना फोन त्यांनी कपाटात ठेवलाय, बंद करून. "राहू दे तिथेच," असं त्यांनी लिहिलंय. आम्हालाही तेच योग्य वाटतं.