मंगळवारी दुपारी दोन वाजता

इंजिनिअरिंग कॉलेज बघायला जायचं असेल तर मंगळवार किंवा बुधवार निवडा, आणि दुपारी दोननंतर जा. त्या वेळी प्रॅक्टिकलच्या बॅच चालू असतात. शनिवारी निम्मे विभाग ओस पडलेले असतात. आणि जूनमध्ये, ॲडमिशनच्या हंगामात, गेटवर रांगोळी, हातात माहितीपत्रक, सोबत गोड बोलणारे एक सर, असा थाट असतो. तेव्हा कॉलेज दिसत नाही, स्वागत दिसतं.

मी एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये इन्स्ट्रक्टर होतो. पहिल्या वर्षाच्या पोरांना कानस कशी धरायची हे शिकवण्यात नोकरी गेली. त्यामुळे नात्यात किंवा गल्लीत कुणाचं अकरावी-बारावीचं पोर असलं की फोन येतो, "काका, कॉलेजं बघायला जायचंय, येता का?" मीही निघतो. घरी बसून तरी काय करणार?

आईबाप पहिल्यांदा विचारतात, ते कटऑफ. ते साहजिकच आहे. पुण्याचं सीओईपी 1854 चं, मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तिथलेच विद्यार्थी. 2022 पासून ते स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालंय. माटुंग्याचं व्हीजेटीआय 1887 चं, सांगलीचं वालचंद 1947 चं. सीओईपी, व्हीजेटीआयमध्ये खुल्या गटाची कॉम्प्युटरची यादी 99 पर्सेंटाइलच्याही वर बंद होते. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे अजून पुष्कळ घरांत सांगावं लागतं. सीईटीचा पेपर दोनशे मार्कांचा. पण पर्सेंटाइल सांगतो तुमच्या मागे शंभरातली किती मुलं राहिली ते. चार लाख मुलं परीक्षेला बसली असतील तर एका पर्सेंटाइलच्या फरकात चार हजार मुलं उभी असतात. म्हणून 97 आणि 98 यांच्यामध्ये कधीकधी पाच-सहा कॉलेजं बसतात.

आपल्याकडे मुलाखत नाही, निबंध नाही. तुम्ही कॉलेज बघून आलात म्हणून मेरिट नंबर तसूभर हलत नाही. मग बघायचं कशासाठी? ऑप्शन फॉर्मसाठी. त्या फॉर्ममध्ये कॉलेज आणि ब्रँच मिळून शेकडो पर्याय भरता येतात, आणि त्यांचा क्रम ही एवढीच गोष्ट तुमच्या हातात असते. कॉम्प्युटर मेरिटनुसार एकेक मुलगा घेतो, त्याची यादी वरून वाचत जातो आणि जिथे त्याच्या गटातली पहिली जागा रिकामी दिसेल तिथे त्याला बसवतो. त्यामुळे आवाक्याबाहेरचं कॉलेज वर लिहिलं म्हणून खालचं हुकत नाही. "मिळणारंच नाही, तर कशाला लिहायचं?" हे सल्लागार शेजाऱ्यांचं लाडकं वाक्य पार चुकीचं आहे. धोका उलट्या बाजूने आहे. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप फ्रीझ होतो आणि पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर पडता. न बघितलेलं कॉलेज एक नंबरवर लिहिणं म्हणजे फोटो बघून लग्न ठरवणं.

आता बघायचं काय? मी पोरांना आधी वर्कशॉपमध्ये नेतो. माझी खोड म्हणा. लेथखालच्या ट्रेमध्ये धातूचा ताजा कीस आहे का? कूलंटचा वास येतो का? एका कॉलेजात सगळी यंत्रं नव्या रंगाने चकाकत होती. मला शंका आली म्हणून चक फिरवून बघितला, तर तो हलेना. तपासणी समिती येणार म्हणून रंग मारला होता, तेल कुणी घातलं नव्हतं. कॉम्प्युटर लॅबचंही तेच. तीस यंत्रं असतात, पण एका यंत्रापुढे किती मुलं बसलीत ते मोजा. दाराजवळ नोंदवही असेल तर तारखा बघा. चालू लॅबमध्ये गोंगाट असतो, कुणाचं तरी रीडिंग चुकलेलं असतं, लॅब असिस्टंट वैतागलेला असतो. ही चांगली लक्षणं आहेत.

मग विचारायचं, इथल्या मुलांनी स्वतः काय बनवलंय? सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा छोटा उपग्रह तयार केला. 22 जून 2016 ला इस्रोच्या पीएसएलव्हीने तो श्रीहरिकोट्याहून सोडला. सगळीकडे उपग्रह नसेल. पण एखाद्या शेडमध्ये बाहा स्पर्धेची अर्धवट गाडी, रोबोकॉन स्पर्धेचा मोडका रोबो, रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी खोली, यांतलं काहीतरी असावं. ट्रॉफ्यांच्या कपाटापेक्षा मला ती शेड जास्त बोलकी वाटते.

गेल्या खेपेला पुतणी बरोबर होती. कॅन्टीनमध्ये मी दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलींना विचारायला लागलो, तर त्या "हो सर, छान आहे सर" यापलीकडे जाईनात. पुतणीने मला कोपरखळी मारली. "काका, तुम्ही जरा चहा घेऊन या ना. सावकाश या." मी परत आलो तोवर हिला सगळं कळलं होतं: हॉस्टेल पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना मिळत नाही, बाहेर खोली घ्यावी लागते, मेसचं जेवण बरं आहे पण रविवारी रात्री बंद, एक विषय अर्ध्या टर्मपर्यंत कुणी शिकवलाच नव्हता, सिनिअर्स मात्र नोट्स देतात. हे कुठल्या माहितीपत्रकात छापणार? तेव्हापासून मी कॅन्टीनमध्ये लांबच्या टेबलावर बसतो.

प्लेसमेंटचा बोर्ड प्रत्येक कॉलेजात दर्शनी भागात असतो, आणि त्यावर सगळ्यात मोठं पॅकेज सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतं. ते एका मुलाचं असतं. तुमच्या ब्रँचची किती मुलं पास झाली, त्यांतली किती लागली आणि मधल्या मुलाला किती मिळालं, हे विचारा. टाळाटाळ झाली तर घरी येऊन कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफला दिलेली माहिती शोधा. रँकिंगसाठी अर्ज केलेल्या कॉलेजांना ती जाहीर करावी लागते आणि तिच्यात पगाराचा मध्यही असतो. नॅकची श्रेणी संपूर्ण कॉलेजची असते. एनबीएची मान्यता मात्र ब्रँचनुसार आणि ठरावीक मुदतीची असते, तेव्हा आपल्या ब्रँचची आहे का आणि कधीपर्यंत, ते बघायचं. फीचा आकडा खासगी कॉलेजच्या काउंटरवर ऐकून विश्वास ठेवू नका. शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेला आकडा वेबसाइटवर मिळतो. ट्यूशन फी माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागा हा वेगळा पर्याय असतो, यादीत तो वेगळा भरावा लागतो. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या पुष्कळ घरांना त्याची खबरच नसते.

जायचं केव्हा, तर बारावीच्या वर्षात नव्हे. तेव्हा पोराला क्लासमधून उसंत नसते आणि निकालानंतर कॉलेजं रिकामी असतात. अकरावीच्या जानेवारी ते मार्चमध्ये एखादा दिवस काढा. मुंबईत व्हीजेटीआय आणि आयसीटी एकाच माटुंग्यात आहेत, चालत दोन्ही होतात. केमिकलमध्ये रस असेल तर आयसीटी चुकवू नका. कॉलेज सुटल्यावर स्टेशनपर्यंत किंवा एसटी स्टँडपर्यंत मुलांबरोबर चालत या. रोज चार वर्षं तोच रस्ता असणार आहे.

आणि परतीच्या वाटेवर, गाडीतच, पोराला स्वतःच्या हाताने क्रम लिहायला सांगा. आपण खिडकीबाहेर बघायचं. पुतणीच्या वहीत मला वाटलेलं कॉलेज चौथ्या नंबरवर होतं. मी कारण विचारलं नाही. एवढंच विचारलं, की नॉन-क्रीमी लेयरचा दाखला पुढच्या 31 मार्चपर्यंतचा आहे ना? नव्हता. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते, म्हणून सोमवारीच तहसीलला जायचं ठरलं.