मूल जेवत नाही म्हणजे काय?

दीड-दोन वर्षांचे मूल असलेल्या घरात तिन्हीसांजेला एक लढाई ठरलेली असते. वरणभाताची वाटी घेऊन आई मागे आणि मूल पुढे. चिऊ-काऊचे घास होतात, बागुलबुवा येऊन जातो, हल्ली मोबाइलही समोर धरला जातो. एवढे करून चार घास पोटात गेले, तरी ओसरीवरून शेरा येतोच, "हिला पोराला भरवताच येत नाही." माझ्या वहिनीने हा शेरा वर्षभर ऐकला. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली, टॉनिकची बाटली आली. पोरगा मात्र अंगणभर हुंदडत होता!

मानसशास्त्र हा शब्द आमच्या घरात माझ्या पुस्तकांबरोबरच प्रथम आला. परंतु या प्रश्नात मानसशास्त्राच्याही आधी साधा हिशेब आहे. जन्मतः ३ किलोचे बाळ वर्षाचे होईपर्यंत साधारण ९ किलोचे होते, म्हणजे तिपटीने वाढते. दुसऱ्या वर्षात भर पडते ती अवघी दोन-अडीच किलोंची. वाढ मंदावली की भूकही मंदावते. आपण मात्र मागच्या वर्षीची भूक मनात धरून वाटी भरतो.

शिवाय या वयात मुलाला नव्या पदार्थाचे भय वाटते. चालायला लागलेले मूल दिसेल ते तोंडात घालू लागले तर विषबाधाच व्हायची; तेव्हा हा संशय निसर्गाने दिलेले संरक्षण असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. एखादी भाजी आठ-दहा, कधी पंधरा वेळाही जबरदस्ती न करता समोर यावी लागते, तेव्हा कोठे मूल ती चाखते. आपण तिसऱ्याच वेळी "याला मेथी आवडत नाही" असे जाहीर करतो, आणि तेही त्याच्यादेखत.

अमेरिकेत क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंनी १९२० नंतरच्या दशकात एक धाडसी प्रयोग सुरू केला. अंगावरचे दूध नुकतेच सुटलेल्या १५ मुलांपुढे एकूण ३४ पदार्थांतून निवडीचे जेवण ठेवले जाई. परिचारिका गप्प बसे. मुलाने एखाद्या पदार्थाकडे हात नेला तरच चमचा उचले. मुलांचे एकेक जेवण विचित्रच असे, पण सारी मुले छान वाढली. मुडदूस झालेल्या एका मुलाने तर दुखणे बरे होईपर्यंत कॉडलिव्हर तेलही आपणहून घेतले. मात्र खरी किमया पदार्थांच्या यादीत होती, हे बाईंनीच सांगितले आहे. यादीत साखर नव्हती, तयार खाऊही नव्हता. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात पाच रुपयांच्या चटकदार पुड्यांची माळ लटकत असते. तेथे मुलाच्या निवडीवर भरवसा कसा ठेवायचा?

यावर एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी केलेली वाटणी मला पटते. काय, केव्हा आणि कोठे वाढायचे, हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. अधूनमधून चहा-बिस्कीट आणि दिवसभर दुधाची बाटली चालू राहिली तर जेवणाला भूक उरणार कोठून? दुधात लोहही फार थोडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील पाच वर्षांखालील दर १०० मुलांपैकी ६७ मुलांत रक्त कमी आढळले.

तरीही सारा दोष मुलांच्या लहरींवर टाकणे मला मान्य नाही. त्याच पाहणीत ६ ते २३ महिन्यांच्या १०० मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी जेमतेम ११ भरली. ज्या घरी रोज पातळ वरण नि भात एवढेच शिजते, तेथे मूल निवड करणार तरी कशातून? अशा आईला 'भरवता येत नाही' म्हणणे हा अन्यायच होय.

खरे दुखणे निराळे ओळखू येते. अंगणवाडीच्या तक्त्यावर वजनाची रेघ दोन-तीन महिने वर सरकत नाही किंवा खाली येते. गिळताना ठसका लागतो, वारंवार उलटी होते, वर्ष उलटून गेले तरी भाताचे शीत तोंडात धरवत नाही, किंवा पूर्वी खात असलेले पदार्थ एकामागून एक सुटत जातात. अशा मुलाला विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. टॉनिकच्या बाटलीने हे दुखणे जात नाही.