नवी मोटार आणि ग्राहकाचा हक्क

देवास जिल्ह्याच्या सोनकच्छ तहसिलीत पीपलरावां हे गाव आहे. अशा गावातले कुटुंब नवी मोटार घेते ते केवळ हौसेपोटी नव्हे. दवाखाना, बाजार, मुलांचे शिक्षण ही सारी कामे तिच्यावर सोपवलेली असतात. ती मोटारच वरचेवर बंद पडू लागली, तर दर खेपेस देवास किंवा इंदूरचे वर्कशॉप गाठावे लागते. दिवस बुडतो, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. अशा वेळी नशिबाला दोष देऊन स्वस्थ बसण्याचे कारण नाही.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने १९८२ साली सदोष मोटारींसाठी स्वतंत्र कायदा केला. तोच दोष चार दुरुस्त्यांनंतरही राहिला, किंवा गाडी एकूण तीस दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर कारखानदाराने ती बदलून द्यावी किंवा पैसे परत करावेत, असे सूत्र त्यात घातले गेले. भारतात असा आकडा ठरवून देणारा कायदा नाही. म्हणून येथील मालक निराधार आहे, असे मात्र नव्हे. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार, त्या मालाचा व्यवहार करणाऱ्या दुकानदाराकडून घेतलेला माल सामान्यतः विक्रीयोग्य असलाच पाहिजे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला सोपे न्यायपीठ मिळवून दिले. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला.

या कायद्याखाली पन्नास लाख रुपयांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगही चालतो. म्हणजे पीपलरावांच्या रहिवाशाला कारखान्याच्या शहरी खेपा घालाव्या लागत नाहीत, देवासलाच दाद मागता येते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पाच ते दहा लाखांसाठी ते दोनशे रुपये आहे. मुदत दोन वर्षांची असते. उशिराचे सबळ कारण पटवून दिले तरच ती शिथिल होते. धंद्यासाठी घेतलेल्या वाहनाला हे संरक्षण नाही. परंतु स्वतः चालवून पोट भरण्यासाठी घेतलेली टॅक्सी या अपवादात सापडत नाही.

दोष सिद्ध झाल्यास आयोग तो दूर करण्यास, वाहन बदलून देण्यास, किंमत परत करण्यास किंवा भरपाई देण्यास फर्मावू शकतो. पण नवी गाडी आपोआप मिळत नाही. २००६ साली जम्मू-काश्मीरमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीतील शब्दांवर बोट ठेवले. सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी असताना सबंध मोटार बदलण्याचा हुकूम टिकला नाही. भरपाई तेवढी मिळाली. भाग बदलूनही दोष हटत नाही, तो मुळात उत्पादनातलाच आहे, हे दाखवण्याचा भार ग्राहकावर असतो. त्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल मोलाचा ठरतो, आणि आवश्यक तेथे आयोग तपासणी करवू शकतो.

प्रतिपक्ष कोण, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. गोव्यातील एका ग्राहकाला २०११ सालच्या मोटारीऐवजी २००९ सालची देण्यात आली होती. या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने कारखानदाराला जबाबदारीतून मोकळे केले. विक्रेत्याच्या त्या कृत्याची कारखानदाराला माहिती होती, याचा पुरावा नव्हता. तेव्हा विक्रेता आणि कारखानदार या दोघांनाही पक्षकार करावे आणि प्रत्येकाची चूक निराळी मांडावी, हे शहाणपणाचे.

सारी मदार कागदावर असते. गाडी वर्कशॉपला देताना तक्रार आपल्या शब्दांत जॉब कार्डवर लिहवून घ्यावी. ‘सामान्य तपासणी’ एवढ्यावर सही करू नये. तारीख, किलोमीटर आणि गाडी परत मिळाल्याचा दिवस टिपून ठेवावा. वॉरंटी संपण्यापूर्वी दोघांनाही लेखी नोटीस पाठवून पोच जपावी. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मात्र तेथे नोंदवली म्हणून आयोगाची मुदत थांबत नाही. वर्कशॉपमधील तोंडी आश्वासन विसरले जाते. तारीखवार जपलेली जॉब कार्डे मात्र आयोगापुढे ग्राहकाची साक्ष देतात.